आतलं रान, बाहेरचं रान

लातूर
येळवस झाल्यानंतरचा रविवार

प्रिय वैजू,

आज सकाळी तुझा आवाज आला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. ऋतुजानं तुझा निरोप लावून फोन परातीच्या कडेला टेकवून ठेवला. तू म्हणालास, आतल्या रानात पाणी निवळलंय, ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी खडकाच्या आडोशाला तांबोशी येईल, कांदळवनाच्या मुळाशी एखादा जिताडाही दबून बसलेला असेल. पण बाहेरच्या रानात वारं वरून उतरतंय, दुपारनंतर लाट उभी राहणार, तेव्हा ज्याला मोठ्या माशाची घाई आहे त्यानं आज घाई गिळावी आणि वर चहा प्यावा. माझ्या मेसमधल्या सगळ्या पोरी खो खो हसल्या. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी ह्या, सकाळी क्लासला पळायच्या आधी भाकरीबरोबर तुझा समुद्र खातात. बाहेर ट्युशन एरियात पोरं रस्त्यानं चालताना फॉर्म्युले घोकतात, आणि इथं माझ्या स्वयंपाकघरात पोरी घोकतात, उधाणाला पाणी पळतं, अष्टमीच्या भांगाला पाणी रेंगाळतं. ह्यावर पेपरात अर्ध्या मार्काचाही प्रश्न येणार नाही असं मी बजावून सांगते. ऐकतंय कोण! ही ऋतुजा तर धर्माबादची, आयुष्यात गोदावरीच्या पलीकडे पाणी बघितलं नाही तिनं, पण काल कुपा मासा कुठं सापडतो ते मला शिकवून राहिली होती. म्हणे, पक्षी जिथं पाण्यात सूर मारतात तिथं खाली तारली पळत असते आणि तारलीच्या मागं कुपा.

तू बोटीवरच्या गिऱ्हाइकांसाठी हे रोज सकाळी बोलतोस, आणि फोनवरच्या त्या ग्रुपात मला उगीच घालून ठेवलंस, मी काय मालवणला गळ घेऊन येणार आहे? पण खरं सांगू का, मला ते सोडवत नाही. किनाऱ्याजवळचं ते आतलं रान, बेटांपलीकडचं ते बाहेरचं रान. समुद्राला रान म्हणणारा अख्ख्या किनारपट्टीवर तू एकटाच असशील. तिथले लोक हसत असतील, पण आम्हाला लगेच कळतं. बांधालगत काय उगवलंय आणि माळावर काय हालत आहे, हे सांगितल्यासारखं सांगतोस. आपल्या कुळात कुणी समुद्र बघितलेला नाही, विहिरीत पोहणं हीच आपली मर्दुमकी, आणि तू पाण्याचा रंग बघून सांगतोस की आज तळाला वाळू हललीय. कौतुक वाटतं रे. तोंडावर बोलले असते तर तू लगेच, बस कर अक्का, म्हणाला असतास. आता कागदावर आहे, गप वाच.

पत्र कामून लिहिते असं तुला वाटेल. फोन आहे की. पण फोनवर अप्पांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. बेटांपलीकडं बोट नेलीस तरी जात नाही ती रेंज, अप्पा म्हटलं की गेलीच. तेव्हा म्हटलं, ह्यावेळी कागद. अप्पा आणि तू बोलत नाही त्याला इतकी वर्षं झाली की मेसच्या पोरींना वाटतं मला भाऊ एकीकडे आणि वडील दुसरीकडे, दोन वेगवेगळ्या घरांतले. मागच्या येळवशीच्या अमावास्येला मी ठरवलं होतं, आता पुढची येळवस अशी नको. पण गोष्ट येळवशीच्या आधीच सुरू झाली, नांदेडला. नीट क्रमानं सांगते, मधेच शेवट बघू नको.

अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता हे तुला ठाऊक होतं. दसऱ्यानंतर अगदीच दिसेना, गावात चालताना बैलाला राम राम घातला त्यांनी. आता लातुरात डोळ्यांचे दवाखाने काय कमी आहेत? एक बोर्ड क्लासचा, एक बोर्ड दवाखान्याचा, असा तर आपला रस्ता आहे. तुझे दाजीसुद्धा म्हणाले, अगं चार पावलांवर सोय आहे, म्हाताऱ्या माणसाला नांदेडपर्यंत कामून फिरवतेस? मी म्हटलं, तिथले डॉक्टर हाताला हलके आहेत असं ऐकलंय. खोटं नव्हतं ते. पण खरं कारण वेगळं होतं. तू मागे बोलता बोलता म्हणाला होतास की नांदेडचे एक डोळ्यांचे डॉक्टर आलोक दरवर्षी बोटीवर येतात आणि मासा सोडताना त्याला सॉरी म्हणतात. तेवढं मी मनात गाठ मारून ठेवलं होतं. आधी एकटी जाऊन नंबर लावून आले. केबिनमध्ये गेले, तर भिंतीवर हा एवढा मोठा फोटो! डॉक्टरांनी दोन्ही हातांत एक रुपेरी धूड धरलंय, कपाळ केवढं त्याचं, आणि शेपटीकडून तू धरलंयस, उन्हानं काळा ठिक्कर, दात तेवढे पांढरे. मी मनात म्हटलं, उमे, हाच दवाखाना.

पहिल्या खेपेला काही झालंच नाही. अप्पांना आठ दिवस आधीपासून पथ्य सांगितलं होतं, आणि हे गावातून निघताना कुणाच्या तरी बारशाचे पेढे खाऊन आलेले. साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, आज ऑपरेशन नाही. अप्पांचा तोल गेला. इतक्या लांबून आलो, डोळा माझा हाय, मी म्हणतो कापा. डॉक्टर शांतपणे म्हणाले, डोळा तुमचा, पण हात माझा, आणि तो आज उचलणार नाही. परतीच्या बसमध्ये अप्पांनी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी खिडकीबाहेर बघत बसले. फोटो त्यांना दिसलाच नव्हता, दिसतंय कुठं, समोर डॉक्टर बसलाय की कपाट, हेही आवाजावरून ओळखत होते.

दुसऱ्या खेपेला मी त्यांना माझ्याकडेच ठेवून घेतलं, मेसच्या पोरी पहाऱ्याला बसवल्या, आणि मग ऑपरेशन झालं, चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, काका, काय दिसतंय? समोरच्याच भिंतीवर तो फोटो, वैजू. आपण काय करून बसलो असं वाटलं. हा माणूस उठून चालता झाला तर? अप्पा बघत राहिले. मग खुर्चीवरून उठले, भिंतीपाशी गेले, नाक टेकेल इतकं जवळ. डॉक्टरांना वाटलं माशाचं कौतुक चाललंय. ते सांगायला लागले की ही जीटी आहे, म्हणजे ट्रेव्हली, खडकांपाशी लाट फुटते तिथं शिकार करते, तास तास दोरी ओढत नेते, खांदे उतरवते माणसाचे. अप्पांचं लक्षच नव्हतं. त्यांनी बोट लावलं ते तुझ्या गळ्यावर. शर्टाच्या उघड्या बटणातून शिवदार दिसतोय ना, लिंगाचा दोरा, त्याच्यावर. आणि म्हणाले, गळ्यात हाय. एवढंच. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण मला रडू आलं. तुला घराबाहेर काढताना काय म्हणाले होते, ते तुला आठवतंय आणि मलाही. गळ्यात लिंग अन् हातात गळ, माझ्या दारात पाय ठेवू नगंस. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की तू ते काढून ठेवलं असशील. विचारायची मात्र छाती झाली नाही.

मग मी डॉक्टरांना सांगितलं, हा शेपटीकडचा माझा भाऊ, ह्यांचा मुलगा. ते तर खुर्चीतून उडालेच. कॅप्टन वैजनाथ तुमचा? बाहेर पेशंटची रांग लागलेली, आणि आत ह्यांचं सुरू. अप्पांनी मोठ्या संकोचानं विचारलं, मासा मग खाल्ला का? डॉक्टर म्हणाले, कसला खातो काका! मालवणात नेऊन उपाशी मारतो तुमचा मुलगा. बोटीवर मासा मारायचा नाही, गळाला उलटा काटा ठेवायचा नाही, मासा वर आला की पाण्यातच धरून मागेपुढे करायचं, शेपटी जोरात हलली की सोडून द्यायचं, फोटोपुरताच वर घ्यायचा. आणि आम्हाला खायला काय, तर ज्वारीची भाकरी, धपाटे आणि शेंगाची चटणी. नांदेडहून रात्रभर प्रवास करून जायचं ते घरचीच चटणी खायला! अप्पांच्या मिशीत काहीतरी हललं. वर्षानुवर्षं गावाला सांगत आलेत की वैजनाथ बंदर खात्यात सायेब आहे, आणि इथं सायबाच्या हातचे धपाटे खाल्लेला माणूस बसलेला.

पण मला लिहायचंय ते पुढचं. डॉक्टरांनी त्या दिवसाची गोष्ट सांगितली, तू बोट फिरवलीस तो दिवस. तू मला कधी बोलला नाहीस. ते म्हणाले, आम्ही सगळे मित्र मिळून मोरासारखा पंख असलेल्या त्या सेलफिशसाठी आलो होतो, कितीतरी महिने सुट्ट्या जुळवून. सकाळी समुद्र तेल ओतल्यासारखा गप. सगळ्या बोटी निघाल्या. तुमचा मुलगा खाडीच्या तोंडाशी इंजिन बारीक करून खडकाकडे बघत बसला, बसला, बसला. मग म्हणाला, बाहेरच्या रानात आज जायचं नाही. का, तर दोन लाटांमधलं अंतर लांबलंय, खडकाचा पाय उघडा पडतोय तो जास्त वेळ उघडा राहतोय, दूर कुठंतरी दक्षिणेला काहीतरी उठलंय, ते इथं पोचायला वेळ आहे की नाही हे मला सांगता येत नाही. आम्ही चिडलो, टोमणे मारले, एकानं तर दुसरी बोट बघू असं तोंडावर सांगितलं. हा शांत. आतल्या रानात फिरवीन दिवसभर, म्हणाला, जिताडा लागला तर लागला. दिवसभर फिरवलं. लागला नाही. संध्याकाळी बाकीच्या बोटी मासे मारून हसत परत आल्या, आणि समुद्र तसाच गप.

अप्पांनी विचारलं, मग झालं काय? डॉक्टर म्हणाले, काहीच नाही झालं काका. रात्री जरा पाणी वर चढलं, किनाऱ्यावरच्या दोन होड्या हलल्या, बास. त्याच्या शब्दाला पुरावा म्हणून काहीही घडलं नाही, आणि त्यानंही सबब सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी हसून म्हणाला, चला, आज जाऊ. तेव्हापासून मी दुसऱ्या कुणाच्या बोटीत पाय ठेवत नाही. समोरचे सगळे हसत असताना नाही म्हणणारा माणूस लई महाग असतो. हे बोलून डॉक्टरांनी अप्पांकडे बघितलं, आणि मला वाटतं दोघांनाही एकदमच ते पेढे आठवले. अप्पा मान खाली घालून म्हणाले, तवा मी तुमाला लई बोललो डाक्टर.

नांदेडहून बसमध्ये बसलो. गॉगल घातलेले अप्पा खिडकीशी, अगदी सिनेमातल्या व्हिलनसारखे. अहमदपूर गेलं. चाकूर आलं, बस थांबली, शेंगदाणेवाला चढला, उतरला, आणि अप्पा एकदम बोलायला लागले. अव्वाबद्दल, आपल्या आईबद्दल. वैजू, तुझी नागम्मा अव्वा. तू इतका लहान होतास की तुला तिचा चेहरासुद्धा माझ्याच सांगण्यातून माहीत आहे. मी तिचं नाव काढलं की अप्पा उठून जायचे, म्हणून मीही बोलणं सोडलं होतं. त्या दिवशी ते स्वतःहून बोलले.

भूकंपाच्या आधी वर्षभर धक्के बसत होते, हे मी तुला सांगितलंय. भांडी वाजायची, माळवदातून माती गळायची. पहिल्यांदा सगळं गाव अंगणात झोपलं. मग काही होईना, तशी एकेक घरं आत गेली. पावसात भिजत कोण झोपणार? पण अव्वा ऐकेना. ती म्हणायची, धरणी अजून निजलेली नाही. तुला न मला घेऊन ती अंगणात बाजेवर झोपायची, आणि गावातल्या बाया हसायच्या, नागम्माला नवऱ्याचं घोरणं सहन होत नाही म्हणून. अप्पांना त्या हसण्याची लाज वाटायची. गणपती बोळवायच्या रात्री तू न मी मांडवातच झोपी गेलो, अप्पा मिरवणुकीत. निघताना ते तिला म्हणाले होते, वर्ष झालं आता, काही झालं का? पोरंबी नाहीत, आज तरी आत झोप, लोकांत शोभा करू नगंस. ती आत झोपली. नवऱ्याचा शब्द ठेवला. पहाटे काय झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता मला कळलं, सरकारनं दिलेल्या पक्क्या घरात हा माणूस एक रात्र का झोपला नाही, माझ्याकडे आले तरी गच्चीवर का जातात. मला वाटायचं स्लॅबची भीती. भीती नव्हती रे ती. डोळे पुसायला गॉगल काढायला निघाले तर मी हात धरला, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं. मग ते म्हणाले, ती नाही म्हणत होती, काही होत नव्हतं, म्हणून आम्ही तिला खुळी ठरवलं. पोरगं बी तसंच नाही म्हणालं. काही झालं न्हाई, तरी त्यानं मान खाली घातली न्हाई. उमे, ते माझ्यावर न्हाई गेलं. नागम्माचं हाय ते. शेंगदाणेवाल्याचा अर्धा पुडा तसाच त्यांच्या मुठीत होता, लातूर आलं तरी.

त्यानंतरची गंमत ऐक. डोळा बरा होईपर्यंत ते माझ्याकडेच राहिले. तुझा रिपोर्ट यायची वेळ झाली की अप्पांना नेमकं गरम पाणी लागायचं. तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. पाणी देऊन झालं तरी उभे. चार दिवसांनी मी पाटच टाकला चुलीजवळ. आता पोरींच्या रांगेत बसून ऐकतात आणि वर शेरे मारतात. मतलई वारं म्हणजे काय, हे ऋतुजानं त्यांना शिकवलं, जमिनीवरून समुद्राकडं सुटतं ते. त्यावर म्हणतात, मग ते आपल्याकडूनच जात असंल की. एका सकाळी तू म्हणालास बाहेर वारं पडलंय, कुपा वर खेळतोय, सगळ्यांनी निघा, तर अप्पा मांडी ठोकून म्हणाले, हाव! आज जाऊ द्या! जसं काही ह्यांनीच परवानगी दिली.

आणि येळवस. तू कोप बांधायचास तिथंच बांधली कडब्याची कोप, पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवले, भज्जी, उंडे, खीर, आंबिलीचा मोठा बिंदगा. सगळं लातूर रिकामं होऊन रानात आलेलं, आपल्याकडे पाव्हणे किती आले मोजलेच नाहीत, मेसच्या पोरीसुद्धा आणल्या होत्या. जेवताना कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, शिवप्पा, बंदर खात्यातला सायेब येत नाही का यंदा? मी भज्जी वाढता वाढता थांबले. अप्पा पानावरून मान वर न करता म्हणाले, बंदर खात्यात न्हाई त्यो. मासे धरतो. लिंगायताच्या पंगतीत हे वाक्य पडलं म्हणजे काय ते तूच समज. मग म्हणाले, धरतो अन् सोडतो. एक म्हातारा बोललाच, सोडायचं तर धरायचं कामून? तुला माहीत आहे, अप्पा तरुणपणी औशाच्या जत्रेत कुस्त्या खेळायचे. त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, आम्ही कुस्तीत गडी चीत करायचो, त्याचा जीव घ्यायचो का? पाठ लावायची, हात देऊन उठवायचं, धूळ झटकायची. माझं पोरगं समुद्रातल्या पैलवानाशी खेळतं. वाढ गं उमा भज्जी. मी वाढली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण वाढली.

जेवणं झाल्यावर अप्पांनी आंबिलीचं लहान मडकं उचललं, चर शिंपायला. ह्या वयातही बांधाबांधानं चालले, मागं पोरं, ओलगे ओलगे सालम पोलगे ओरडत. पिकाच्या कडेनं आंबील शिंपत पूर्ण वेढा घालायचा, रान राखलं जातं. तीन बांध झाले, चौथा झाला, आणि ते थांबले. मडक्यात निम्मी आंबील तशीच. मी म्हटलं, अप्पा, उरली की, शिंपा. तर म्हणाले, हे रान झालं. ऱ्हायलेली वैजूच्या रानाची. मी वेड्यासारखी विचारते, त्याचं कुठलं रान? अप्पा म्हणाले, रोज सकाळी ऐकतेस न् मलाच इचारतेस?

तर वैजू, हे पत्र त्याच्यासाठी. तुझ्या रानाचा चर शिंपायचाय त्यांना, आतल्या आणि बाहेरच्या. उरलेली आंबील टिकणार नाही हे मी समजावलं, तर म्हणाले, पीठ अन् ताक बांधून घे, तिथं ताजी कर. दिवस त्यांनीच काढलाय, येणारी अमावास्या, चर दुसऱ्या दिवशी शिंपत नाहीत. बोटीला छत आहे का विचारलं, मी नाही म्हटलं, तर म्हणाले मग झोप लागंल. मला मात्र घोर लागलाय. अमावास्येला उधाण असतं, खाडीच्या तोंडाशी पाणी पळतं, अशा दिवशी म्हाताऱ्या माणसाला मी नेत नाही, हे तूच हजारदा सांगितलंयस. ते मी अप्पांना सांगितलं. त्यावर म्हणाले, त्यो नाही म्हणाला तर मी किनाऱ्यावर मडकं घेऊन बसंन, पुढच्या अमावास्येपर्यंत बसंन, पर नाही त्यानं म्हणायचं. तू मधी बोलू नगंस. तेव्हा मी मधे बोलत नाही. फोन करू नको, फोनवर तुम्ही दोघंही गप बसाल, ओळखते मी दोघांना. तू तुझं रोजचंच बोल. आतल्या रानात काय, बाहेरच्या रानात काय, वारं कुठून, पाणी कसं. आणि शेवटी एक वाक्य जास्त, अप्पांचं नाव घेऊन. या म्हण, नाहीतर आज नको, थांबा म्हण. काहीही म्हण, ते ऐकतील. सकाळी पाट टाकलेला आहे.

तुझीच, अप्पांशेजारी बसून भाकरी थापणारी,
उमाअक्का